नारिंगी इशाऱ्याचा शनिवार

उत्तर इटलीतील एका विद्यापीठात मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उतारांचे स्थैर्य हा विषय शिकवते आणि दर वर्षी ऑक्टोबरअखेरीस एका शनिवार-रविवारी त्यांना लिगुरियाच्या किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत घेऊन जाते. कागदोपत्री ही क्षेत्रभेट असली तरी विद्यार्थ्यांच्या लेखी ती सहलच असते, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही गावे 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, 1999 पासून हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे, आणि समुद्राच्या कडेला एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या रंगीत घरांची छायाचित्रे या मुलांनी इटलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच पाहिलेली असतात. त्या छायाचित्रांत घरांच्या मागे जो हिरवा डोंगर दिसतो, तो माझा विषय असतो.

त्या डोंगरावर माणसाचा हात न लागलेला उतार शोधावा लागतो. गेल्या हजारेक वर्षांत येथील लोकांनी तो पायऱ्यापायऱ्यांनी कापला, निघालेल्या दगडांच्या बिनचुन्याच्या भिंती रचल्या आणि त्यांच्या आधाराने माती धरून द्राक्षे लावली. माझे माहेर कुडाळजवळचे असल्याने या भिंतींना मी मनातल्या मनात गडगाच म्हणते. फरक एवढाच, की आमचा गडगा गुरे अडवतो आणि येथला गडगा डोंगर अडवतो.

त्या वर्षी आमचा मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात होता. शनिवारी सकाळी आगगाडीने मोंतेरोस्सो गाठायचे, तेथून डोंगरवाटेने वेर्नात्साला चालत जायचे, वाटेत भिंतींची मोजणी करायची आणि रविवारी होडीने पोर्तोवेनेरेला जायचे, असा बेत होता. शुक्रवारी दुपारी हवामानपत्रकात पिवळा इशारा होता. रात्री जेवणे चालू असताना तो नारिंगी झाल्याचे कळले, आणि त्याची वेळ होती शनिवारी दुपारी तीनपासून मध्यरात्रीपर्यंत. नारिंगी इशारा लागू झाला की उद्यानातील पायवाटा बंद होतात.

शनिवारी मोंतेरोस्सोला उतरलो तेव्हा आकाश निरभ्र होते आणि पुळणीवर काही हौशी मंडळी चक्क पोहत होती. वाट अजून उघडी होती. नकाशाप्रमाणे वेर्नात्सापर्यंतचे अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि चांगला चालणारा माणूस ते दोन तासांत तोडतो. मी चालणे रद्द केल्याचे सांगितले तेव्हा जो गलका झाला, तो समजण्यासारखा होता. घोळक्यात कोल्हापूरचा एक मुलगा होता. तो एरवी सगळ्यांसमोर इंग्रजीतच बोलत असे, पण त्या क्षणी त्याला मराठीच आठवली. “मॅडम, आकाश बघा की! दोन तासांची तर वाट आहे.”

“तीस जणांना मोजणी करत जायला चार तास लागतात,” मी म्हटले. “आणि इशारा तीनचा आहे म्हणजे पाऊस घड्याळ बघून तीनलाच येणार, असे कोणी लिहून दिलेले नाही.”

या किनाऱ्यावरचा शरद ऋतूतील पाऊस ज्याने पाहिलेला नाही, त्याला हे पटवणे अवघड असते. उन्हाळाभर तापलेला समुद्र, त्यावरून येणारी दमट हवा आणि पाण्याला लागूनच उठलेले डोंगर यांमुळे ढग एकाच जागी पुन्हा पुन्हा तयार होत राहतात आणि एखाद्याच खोऱ्यावर रिते होतात. खोरी आखूड आणि उभी असल्याने डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी गावात पोहोचायला फारसा वेळ लागत नाही. 25 ऑक्टोबर 2011 रोजी डोंगरापलीकडच्या ब्रुन्यातो येथे एका दिवसात 500 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्यातला बहुतेक काही तासांतच कोसळला. कोकणातही दिवसाला एवढा पाऊस झाला तर त्याची बातमी पहिल्या पानावर येते. वेर्नात्सात त्या दिवशी तीन माणसे गेली. गावाचा मुख्य रस्ता ज्या ओढ्यावर झाकण घालून केलेला आहे, त्या ओढ्याने वरच्या वाहनतळावरील मोटारी, झाडे आणि डोंगराची माती रस्त्यावरून बंदराकडे वाहून नेली आणि तळमजले चिखलात गाडले गेले.

हे सगळे मला वेर्नात्सात, त्याच रस्त्यावर उभे राहून सांगायचे होते. म्हणून आम्ही आगगाडीने पुढे गेलो. जेनोव्हा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग 1874 मध्ये पूर्ण झाला आणि या पट्ट्यात तो बहुतांश बोगद्यांतूनच जातो. समुद्र खिडकीत क्षणभर दिसतो आणि पुन्हा अंधार होतो. त्या अंधाराउजेडात माणसे मोजण्याचा प्रयत्न मी सोडून दिला. वेर्नात्साच्या फलाटावर मोजली तेव्हा दोघे कमी भरले, कोल्हापूरकर आणि त्याचा कोलंबियाचा मित्र.

दोघांचेही दूरध्वनी लागत नव्हते. सहकाऱ्याला मोंतेरोस्सोच्या बाजूने चौकशीला पाठवून मी बाकीच्यांना ओढ्याच्या झाकणावर उभे केले आणि शिकवायला सुरुवात केली, कारण रिकामे बसवले असते तर आणखी चौघे डोंगराकडे निघाले असते. दीडच्या सुमारास नैर्ऋत्येकडे आकाश शिशासारखे झाले. माझ्या शिकवण्याकडे तोपर्यंत कोणाचे फारसे लक्ष नव्हते, पण आता मुलांचे डोळे दुकानदारांकडे वळले. एक बाई आपल्या दुकानातून धातूच्या लांब फळ्या काढून आणत होती आणि दाराच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या खाचांत एकीवर एक सरकवत होती. फळीच्या खालच्या कडेला रबराची पट्टी होती. ती उंबऱ्याला नीट बसली की नाही हे ती पायाच्या टाचेने दाबून पाहत होती. समोरच्याने तेच केले, मग त्याच्या शेजाऱ्याने. कोणी घाई करत नव्हते. हजर असलेल्यांपैकी एकानेही त्यानंतर मला वाटेबद्दल विचारले नाही.

पहिला गडगडाट झाला आणि जवळपास त्याच वेळी डोंगराच्या पायऱ्यांवरून दोन भिजलेली मुले आणि त्यांच्यामागे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली साठीच्या घरातली एक बाई उतरताना दिसली. तिने मला लांबूनच ओळखले. गळ्यात शिट्टी असलेली मी एकटीच होते.

“प्रोफेसोरेस्सा तुम्हीच ना? ही तुमची दोन पोरे घ्या ताब्यात. माझ्या भिंतीवर बसून सँडविच खात होती. तीही नेमकी पडायला आलेली भिंत!”

पोरे खाली मान घालून उभी होती. मी त्यांना तेथे काही बोलले नाही. बाई पुरेसे बोलली होती आणि मला पुढची गाडी गाठायची होती. पाऊस तासभर असा पडला की रस्त्याच्या कडेने तांबूस पाणी उड्या मारत चालले होते, पण ओढा झाकणाखालीच राहिला. ला स्पेत्सियाला पोहोचेपर्यंत ढग पश्चिमेकडे सरकले होते आणि रात्रीचा मोठा पाऊस तिकडेच झाला.

रविवारी इशारा संपलेला होता, परंतु समुद्र खवळलेला असल्याने होड्या बंद होत्या. निघण्यापूर्वी बाईने भिंत दाखवायचे कबूल केले होते, म्हणून आम्ही पुन्हा वेर्नात्सा गाठले. मळा गावावरच होता. द्राक्षे केव्हाच उतरवलेली होती आणि शाक्केत्रा या गोड वाइनसाठी राखलेले घड घरात जाळ्यांवर वाळत पडले होते. द्राक्षांच्या पेट्या वाहणारी, एका दातेरी रुळावर चालणारी छोटी गाडी मळ्याच्या कडेला उभी होती आणि तीत बसायला मिळेल का, हा पहिला प्रश्न अर्थातच विचारला गेला. मिळाले नाही.

भिंतीला मध्यभागी चांगले वीतभर पोट आले होते. का आले, हे मुलांनी स्वतः शोधावे म्हणून मी गप्प राहिले. कोरड्या रचाईत बाहेरचे दगड सांधामोड करून बसवतात, लांब दगडांची डोकी आत डोंगरात जातात, फटींत चिपा ठोकतात आणि मागे बारीक दगडांची भर घालतात. पावसाचे पाणी त्या भरीतून झिरपून भिंतीच्या अंगातूनच बाहेर येते, त्यामुळे भिंतीमागे त्याचा दाब साठत नाही. येथे कोणीतरी कधीकाळी खालचे तीन थर सिमेंटने लिंपले होते. पोट नेमके त्याच्यावर आले होते, आणि आदल्या दिवशीचे पाणी लिंपणाच्या वरच्या कडेने अजूनही ठिबकत होते. कोल्हापूरकराने तेथे बोट लावले आणि म्हणाला, “मॅडम, पाण्याला वाटच नाही.” बाईंना मी ते भाषांतर करून सांगितले. लिंपणाचा गिलावा सासऱ्यांचा, असे त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

पलीकडच्या डोंगरावर तर भिंतीच उरल्या नव्हत्या. 1869 मध्ये ला स्पेत्सियाची नौदल गोदी सुरू झाली आणि पुढे कारखाने आले, तशी मळ्यांतली माणसे पगाराच्या नोकरीला गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटनाने उरलेली ओढून घेतली. 2011 च्या दरडींचा वेर्नात्साच्या खोऱ्यात जो अभ्यास झाला, त्यात अलीकडेच पडीक पडलेल्या पायऱ्यांवर दरडींचे प्रमाण जास्त आढळले, तर फार पूर्वी सोडलेल्या आणि आता दाट झाडी माजलेल्या जागा त्यामानाने टिकल्या. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था ही मधली. देखभाल थांबलेली असते आणि मुळांनी अजून माती धरलेली नसते. माळीण, तळिये ही नावे घेऊन मी घरच्या डोंगरांबद्दल बोलू शकले असते, पण तेथला खडक वेगळा, पाऊस वेगळा आणि कारणेही वेगळी, म्हणून वर्गात मी ती तुलना टाळते.

दुपारपर्यंत बाई आणि त्यांचा पुतण्या यांच्या हाताखाली मुलांनी दगड वाहिले, सिमेंट फोडले, चिपा निवडल्या. पंधरा जणांची आलटून पालटून मेहनत आणि पुरी झालेली भिंत जेमतेम दोन मीटर. शनिवारच्या दोन फरारींनी कोणी न सांगता सर्वांत जड दगड उचलले, आणि बाईनेही त्यांना त्याबद्दल काडीची सवलत दिली नाही. नीट न बसलेला प्रत्येक दगड तिने त्यांना काढायला लावला.

सोमवारी एका विद्यार्थ्याचे पत्र आले. शनिवारी पायवाट वापरलीच नसल्याने उद्यानाच्या प्रवासपत्रात आगगाडीच्या भाड्यासोबत घेतलेले वाटेचे पैसे परत मिळावेत, आणि पाऊस तर तासभरच झाला, असे त्यात म्हटले होते. मी त्याला शुक्रवार आणि शनिवारची हवामानपत्रके जोडून पाठवली, वाटेचे शुल्क वाटांच्या दुरुस्तीवर खर्च होते असे कळवले आणि अर्ज लेखा विभागाकडे पाठवून दिला. तो अजून तेथेच आहे.