सत्तर वर्षं आणि आजचा दिवस

सोमवार, रात्री उशिरा

आज पुन्हा तेच वचन आलं. बायबलमधलं यिर्मया २९:११. आई आजारी पडल्यापासून पाच महिन्यांत ते मला किती जणांनी पाठवलं असेल, मोजदाद नाही. कधी फुलांच्या चित्रावर, कधी उगवत्या सूर्यावर. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. पाठवणाऱ्यांची माया खरी आहे आणि मी प्रत्येकाला ‘आमेन’ लिहिते. पण आज आईला कूस बदलून दिली, पलंगाच्या काठावर बसून ते वाचलं आणि पहिल्यांदाच पोटातून राग वर आला. वचनाचा नव्हे. हित कुठेच दिसत नाही, याचा.

आईला पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. बुद्धी जागेवर असते, बोललेलं बरंचसं कळतं, पण हवा तो शब्द ओठांपर्यंत येत नाही. आलाच तर भलताच येतो. माझं नाव तिला पाच महिन्यांत एकदाही घेता आलेलं नाही. ती प्रयत्न करते, चुकते, आपण चुकलो हे तिला कळतं, आणि मग ती डोळे मिटून घेते. ते डोळे मिटणं मला बघवत नाही.

बावीस वर्षं मी शिकवत होते. देवाने मला याचसाठी घडवलं, अशी माझी खात्री होती आणि अनेकदा चर्चमध्ये साक्ष देतानाही मी ते सांगितलं आहे. झटक्यानंतर नोकरी सोडली. मग आता हे दिवस कशासाठी आहेत? फक्त अंग पुसायचं, गोळ्या मोजायच्या, चादरी बदलायच्या, आणि रात्री पुन्हा तेच. प्रार्थनेत हे विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

मंगळवार

दुपारी आई झोपल्यावर यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. इतकी वर्षं बायबल वाचते आहे, पण अकरावं वचन तेवढं पाठ आणि त्याच्या मागचं-पुढचं नुसतं डोळ्यांखालून गेलेलं.

ते एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने, नबुखद्नेस्सराने, यरुशलेमेतून तिथल्या राजाला, कारागिरांना, घरंदाज माणसांना बाबेलला धरून नेलं. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र लिहिलं. त्या माणसांना एकच गोष्ट ऐकायची होती: घरी कधी जायचं? आणि ते सांगणारा एक जण होताही. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. त्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं, दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि पुढे यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडलं. पहिल्यांदा ते ऐकून यिर्मया म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं. हे मला आज फार जवळचं वाटलं. पण ते खरं नव्हतं. हनन्या त्याच वर्षी वारला, आणि पत्रात आकडा आला तो सत्तर वर्षांचा.

सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना कळलं असणार की आपण काही परत जात नाही. ‘हिताचे संकल्प’ हे शब्द या आकड्याच्या लगेच पुढे येतात. मी ते वचन आकड्यापासून तोडून घेतलं होतं. माझ्या मनात ते हनन्याच्या आवाजात वाजत होतं: थोडंच राहिलंय, दोन वर्षं, सहा महिने, पुढची तपासणी झाली की. आणि प्रत्येक तपासणीनंतर मला देवानेच फसवल्यासारखं वाटायचं.

आकड्याच्या आधी काय लिहिलंय? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्या शहराने त्यांचं घर मोडलं, त्याच शहरासाठी! फळझाड लावायचं म्हणजे काही वर्षं तरी तिथेच राहायचं, हे मान्य करणं आलं. मला ते मान्य करायचंच नव्हतं. पाच महिने मी या खोलीत सामान न सोडता राहते आहे.

बुधवार

रात्रभर जाग. आज काही सुचत नाही.

गुरुवार

मंडळीतली एक ताई भेटायला आल्या होत्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, “विश्वास ठेव, रडू नकोस.” त्यांचं प्रेम मला माहीत आहे. कठीण काळात त्या माझ्यासाठी गुडघ्यावर बसल्या आहेत. पण विश्वास आणि रडणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे मला पटत नाही, आणि आज ते मला ठामपणे लिहून ठेवायचं आहे.

बायबलमधलं ८८वं स्तोत्र विलापाचं आहे. अशी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटी कुठेतरी वळण मिळतं, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं. याला ते मिळत नाही. ते अंधारात संपतं. मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार असा आहे. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. कुणी ते गाळलं नाही, कुणी त्याला शेवटी एखादी आशेची ओळ जोडली नाही. आणि त्याची सुरुवात बघावी: हे परमेश्वरा, माझ्या उद्धाराच्या देवा. रडणारा माणूस रडतोय ते देवाच्या तोंडासमोर. मला आज यापेक्षा मोठा विश्वास दिसत नाही.

आणि एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहून आलेला माणूस, पुढच्याच प्रसंगात रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवून सांगतो की वाट तुला झेपणारी नाही, खा. उपदेश नाही, प्रश्नही नाहीत. प्रश्न होरेब डोंगरावर येतो, चाळीस दिवसांनी. तोवर नुसतं झोपणं आणि खाणं.

मी हे वाचून उठले आणि आईला चमच्याने पेज भरवली. तिला गिळताना ठसका लागतो, म्हणून घाई करता येत नाही. एकेका घासाला थांबावं लागतं. पाऊण तास लागला. देवदूताने जे केलं ते हेच होतं, असं त्या पाऊण तासात माझ्या मनात आलं आणि मी थोडी थरारले. स्वर्गातून पाठवलेल्या दूताचं त्या दिवसाचं काम म्हणजे एका थकलेल्या माणसाला उठवून खायला घालणं. मी ज्याला ‘फक्त’ म्हणत होते ते.

शनिवार

यिर्मया पुढे वाचते आहे. बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमेला वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी तो अनाथोथमधलं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. त्या शेतात तो पुढे कधी उभा राहिल्याचं पुस्तकात कुठे नाही. लोक त्याला बळजबरीने मिसर देशात घेऊन गेले. तरी खत केलं.

आज स्पीच थेरपिस्टने दिलेल्या चित्रांची वही नव्याने लावली. आधी पाच पानं होती, आता चाळीस केली. आईच्या डाव्या हाताला येईल अशी खाटेशेजारी फळी बसवून घेतली. माझे कपडे आणून याच खोलीतल्या कपाटात नीट लावले. एवढंच केलं दिवसभरात.

रविवार

सकाळची उपासना फोनवर लावली होती. आई खिडकीकडे बघत पडली होती. शेवटी सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणू लागली, आणि माझ्यामागून आवाज आला.

“हे आमच्या स्वर्गातील पित्या…”

आईचा आवाज. जड, पण शब्द स्वच्छ. मी वळलेही नाही, वळले तर थांबेल म्हणून. तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा, एकामागून एक सगळं आलं. जिला ‘पाणी’ म्हणता येत नाही ती. थेरपिस्टने मागे सांगितलं होतं की लहानपणापासून पाठ असलेली गाणी, प्रार्थना, आकडे कधीकधी असे शाबूत राहतात, आणि त्यावरून इतर बोलणं परत येईलच असं धरून चालू नये. ते मी विसरलेले नाही.

“आमची रोजची भाकर आज…” इथे ती अडखळली. ‘आज’ पुन्हा म्हणाली. परत एकदा. मंडळी पुढे निघून गेली, आमेन झालं, गीत सुरू झालं, ती तिथेच होती. आज, आज. मग मी फोन बंद केला, तिच्याजवळ बसले, डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, “आज आम्हाला दे.” तिने माझ्या तोंडाकडे बघत म्हटलं, “दे.” आणि आम्ही दोघींनी उरलेली प्रार्थना संपवली.

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

माझं नाव अजून आलेलं नाही. संध्याकाळी मी विचारलं होतं. ओठ हलले आणि दुसराच शब्द आला. उद्या सकाळी प्रार्थना पुन्हा म्हणू, आज जिथे अडली तिथून सुरुवात करून. आता दहा वाजले, तिची कूस बदलायला हवी.