एक गीत, दोन चाली: तिसरा आठवडा

‘व्हेन आय सर्व्हे द वंड्रस क्रॉस’ हे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत मी गायला शिकतोय, ते अजून हातावेगळं झालेलं नाही. पण या आठवड्यात माझं अडतं कुठे, ते सापडलं.

शब्द इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सचे, 1707 च्या त्याच्या गीतसंग्रहातले. मूळ धागा बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातल्या 6:14 चा. प्रत्येक ओळीत आठ अवयव (उच्चाराचे तुकडे), कडव्यात चार ओळी, म्हणजे ‘लाँग मीटर’. यमक एकाआड एक: क्रॉस–लॉस, डाइड–प्राइड. मोठ्या अभंगात दुसरा नि तिसरा चरण जुळतो आणि चौथा मोकळा सुटतो. त्या सवयीच्या कानाला इथे दर यमकासाठी एक ओळ थांबावं लागतं. दुसऱ्या कडव्यातलं गॉड–ब्लड मला आजही खटकतं. बाकी जोड्या चोख आहेत.

तिसरं कडवं मात्र कारागिरी आहे. आधी ‘सॉरो अँड लव्ह’, पुढच्याच ओळीत ‘लव्ह अँड सॉरो’. शेवटाला फीट–मीट, डाउन–क्राउन सरळ जुळत असताना आत शब्द उलटे फिरतात. चौथ्यातही ‘ग्लोब’ असाच उलटतो. ते कडवं बरीच पुस्तकं गाळतात, मी गाळणार नाही.

आता चाली. वॉट्स 1748 मध्ये गेला, त्यामुळे यातली एकही त्याच्या कानावर पडलेली नाही. ‘रॉकिंगहॅम’ एडवर्ड मिलरची, 1790 ची. तो इंग्लंडमधल्या डाँकॅस्टरला ऑर्गन वाजवायचा. ‘हॅम्बर्ग’ लोवेल मेसनची, 1824 ची. तेव्हा तो अमेरिकेत सव्हानाच्या एका बँकेत नोकरीला होता. आख्खी चाल पाच सुरांत! नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. मी अर्थातच दुसरीकडून केली.

रॉकिंगहॅम तीनच्या तालात आहे. गीताची ओळ लघु-गुरू, लघु-गुरू अशी चालते आणि चाल ते शब्दशः पाळते: लघूला एक मात्रा, गुरूला दोन. पहिल्या कडव्यात हे इतकं गोड बसतं की मी बेसावध झालो. पाचव्याची सुरुवात ‘वेअर द होल रेल्म’ आली आणि ‘द’ दोन मात्रा लांबला. दुसऱ्यातल्या ‘ऑल द व्हेन थिंग्ज’चंही तेच. दोन आठवडे मी माझ्या श्वासाला दोष देत होतो! खरं तर तिथे वॉट्सने पहिला आघात अलीकडे, पहिल्याच अवयवावर ओढलाय आणि चालीला त्याची खबर नाही.

हॅम्बर्गची ओळ थेट समेवर उघडते, पहिलाच सूर लांब. त्यामुळे ‘वेअर’ला हवा तो भार मिळतो आणि ‘द’ गपचूप सरकतो. आठ अवयवांचा साचा एकच, म्हणून चाल बदलली तरी शब्द बसतात. पण बसणं आणि शोभणं वेगळं, हे कागदावर मोजून कळलं नव्हतं.

सध्या पहिली चार कडवी रॉकिंगहॅमवर, पाचवं हॅम्बर्गवर असा बेत आहे. शुद्ध मंडळी नाक मुरडतील. रॉकिंगहॅमच्या शेवटच्या सुरावरून हॅम्बर्गच्या पहिल्यावर उतरताना माझी पट्टी अजून घसरते, पुढचा आठवडा त्या एका जागेसाठी.