अण्णांची पद्मिनी, ताशी तीस

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौघं इंदूरच्या रामबागेतून निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, शेजारी धाकटा भाऊ, मागे आई आणि मी. माझ्या मांडीवर शालीत गुंडाळलेल्या ड्रोनच्या तीन बॅटऱ्या, कारण गारठ्यात त्या लवकर उतरतात. आईच्या मांडीवर पोह्यांचा डबा आणि चहाचा थर्मास. गाडी म्हणजे आमची 1987 ची पांढरी प्रीमियर पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, आणि दुसरा टाकताना अण्णांचा डावा खांदा अजून थोडा वर जातो.

जानेवारीत ती उज्जैनच्या एका गृहस्थांकडे जाणार होती. त्यांना जुन्या गाड्यांची आवड आहे, नीट सांभाळतील. आमच्याकडे दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची, त्याआधी सुट्या भागांसाठी वणवण करायची, आणि आता क्लच दाबला की अण्णांचा गुडघा धरतो. निर्णय त्यांनीच घेतला. मी एवढंच म्हटलं की जाण्याआधी मला तिला चालताना टिपायचंय. घरात तिचे फोटो ढीगभर आहेत, पण सगळे उभ्या गाडीचे. बॉनेटला टेकलेले काका, टपावर बसवलेला भाऊ, दसऱ्याला झेंडू घातलेली. चालत्या गाडीचा एकही नाही, कारण गाडी निघाली की फोटो काढणाराही आतच बसलेला असायचा.

माझा ड्रोन डीजेआय कंपनीचा मिनी 2. 2021 मध्ये लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेलाच घेतला. वजन 249 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमच्या आतला, नॅनो वर्गातला; तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याच्याहून महाग ड्रोनमध्ये पडद्यावर गाडीभोवती बोटाने चौकोन काढला की तो आपणहून तिच्या मागे जातो. यात ती सोय नाही. जे काही करायचं ते दोन अंगठ्यांनी. शिवाय याला डोळे फक्त खालच्या बाजूला. समोर, मागे, बाजूला काय आहे ते याला कळत नाही. बाभळीची फांदी आली तर ती मलाच दिसायला हवी.

अण्णांना महूच्या रस्त्याने जायचं होतं, तिथे त्यांची सवयीची वळणं आहेत. पण महू लष्कराचं गाव, तिथे ड्रोन काढायचा विचारही करायचा नाही. इंदूरच्या पश्चिमेला विमानतळ. त्याच्या हद्दीपासून 12 किलोमीटरच्या पलीकडे गेलं आणि डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर भाग हिरवा असला, तर 400 फुटांपर्यंत परवानगी वेगळी मागावी लागत नाही. म्हणून देपालपूरकडचा एक गावरस्ता मी आधीच जाऊन बघून ठेवला होता. सरळ, सपाट, दोन्हीकडे वीतभर वाढलेला गहू आणि हरभरा. एका बाजूने विजेची लाइन जाते. तारा कॅमेऱ्यात जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे ती बाजू मी पूर्ण सोडून दिली.

पहिल्या खेपेला मी चुकले. वाटलं, गाडीत मागे बसून उडवू, म्हणजे ड्रोन आणि मी बरोबरच पुढे जाऊ. आईला थर्मास घेऊन सुरुवातीच्या जागीच थांबवलं. ड्रोन वर नेला, अण्णांनी गाडी सोडली. पण खिडकीतून मागे वळून बघावं तर टप आड येतो, पडद्याकडे बघावं तर गाडी वळताना अंगठे भलतीकडे जातात. दोन-तीन वेळा जा-ये केली, पुन्हा पुन्हा थांबलो, एकही तुकडा धड मिळाला नाही. गाडी दूरच्या टोकाला, सव्वा किलोमीटरवर असताना बॅटरीचा इशारा वाजला आणि ड्रोनने तोंड फिरवलं. बॅटरी कमी झाली की तो घरी निघतो, आणि त्याचं घर म्हणजे जिथून उडाला ती जागा. गाडीतली मी कितीही पुढे गेले तरी त्याच्या हिशेबात मी अजून तिथेच उभी. घराची जागा अॅपमध्ये बदलता येते, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी हात गारठले होते आणि ड्रोन दिसतही नव्हता. अण्णांनी काही न विचारता गाडी वळवली.

परत पोचलो तेव्हा आई हरभऱ्याच्या बांधावर उभी होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, ड्रोन बसलेला. "पंखे लागतील म्हणून मी हलले नाही," आई म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही, हा नियमही आहे आणि साधी माणुसकीही. तिथे आईच्या जागी कुणाचं लेकरू खेळत असतं तर?

पोहे खाल्ले आणि पद्धत बदलली. मी रस्त्याच्या त्या टप्प्याच्या मध्यावर, एका कडुनिंबाजवळ जमिनीवर उभी. माझ्या अलीकडे तीनशे मीटर, पलीकडे तीनशे. एवढ्या अंतरापर्यंत ड्रोन ठिपक्याएवढा का होईना, दिसतो. दोन्ही टोकांवरून ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल येत नाही ना, ते बघूनच गाडी सोडायची. भाऊ अण्णांच्या शेजारी, फोन स्पीकरवर.

आता वेगाचा हिशेब. साध्या मोडमध्ये हा ड्रोन ताशी 36 किलोमीटरने जातो. स्पोर्ट मोडमध्ये 57, पण तेव्हा तो इतका पुढे झुकतो की पंख्यांची टोकं चित्रात येतात आणि थांबायलाही जास्त जागा घेतो. गाडी तिसाने चालली तर मागे पडलेलं अंतर भरून काढायला सहाचा वेग हाताशी उरतो. सहाशे मीटरला साधारण 72 सेकंद. पद्मिनीचा काटा तीस-चाळीसच्या मध्ये थरथरत असतो, म्हणून भाऊ दुसऱ्या फोनवर वेग बघून सांगत होता, "अण्णा, अठ्ठावीस. हां, तीस. असंच राहू द्या."

आणि अण्णांनी तीस म्हणजे तीस धरला. मी आधी दोन-तीन मित्रांच्या गाड्यांमागे ड्रोन नेलाय. ते आरशात ड्रोन शोधतात, हळू होतात, मग एकदम दाबतात. अशा वेळी उडवणाऱ्याने काहीही केलं तरी चित्र हिसके खातं. अण्णांच्या पायाला एक्सलेटरची अशी सवय आहे की मला उजवा अंगठा एका जागी ठेवून नुसता डाव्याने ड्रोनचा रोख सांभाळायचा होता. पाठलाग निम्म्याहून जास्त चालवणाराच करतो, हे मला त्या सकाळी पटलं.

आधी मी चाळीस मीटरवरून घेतलं. सुंदर दिसतं, पण गाडी सरपटणाऱ्या मुंगीसारखी. मग सहा मीटरवर आले, रस्ता सोडून शेताच्या बाजूने, गाडीच्या जोडीने. गव्हाच्या ओळी सपासप मागे जायला लागल्या आणि तीसच्या वेगाने चाललेली पद्मिनी साठने धावल्यासारखी वाटली. वेग जवळच्या वस्तूंमुळे जाणवतो, म्हणून उंचीचा मोह आवरावा. माळव्यातलं आठ वाजताचं ऊनही तसं तेजच. या कॅमेऱ्याचं भोक लहान-मोठं करता येत नाही, म्हणून समोर प्रकाश कमी करणारा काळसर एनडी 16 फिल्टर बसवला आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवला. त्यामुळे फिरती चाकं डोळ्याला दिसतात तशी पुसट आली. फिल्टरशिवाय ती थांबलेलीच वाटतात. ड्रोन आवाज टिपत नाही, तो भावाने गाडीत वेगळा फोन ठेवून घेतला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाचा तो लांबलेला हुंकार मला हवाच होता.

शेवटची खेप पाठीमागून. गाडी टोकाला उजवीकडे शेताच्या वाटेत शिरून वळणार होती.

रात्री घरी टीव्हीला जोडून बघितलं. वळणाच्या वीस-पंचवीस पावलं आधी उजव्या खिडकीतून स्वेटरची बाही बाहेर येते. हात सरळ, बोटं जुळलेली, घड्याळावर ऊन चमकतं. इंडिकेटर लागलेला आहे, तरी हात. तो तसाच राहतो, मग आत जातो आणि गाडी वळते. मागे बसून मी हा हात आयुष्यभर पाहिलाय, पण बाहेरून कधीच नाही.

आई म्हणाली, "अहो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हात कुणाला दाखवत होता?"

"मागे ही येत होती ना," अण्णा म्हणाले, आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.