रापण आणि ३० सेकंद

“आमी खंय रे ह्यात?”

मालवणच्या किनाऱ्यावर आज सकाळी रापण (दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर एक काका माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकले आणि त्यांनी हे विचारलं.

खरंच नव्हते ते. १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) लावला की प्रकाश साधारण १००० पटीने कमी होतो, शटर ३० सेकंद उघडं ठेवता येतं. लाटांचं धुकं होतं. सिंधुदुर्ग किल्ला हलत नाही, तो लख्ख येतो. वाळूवरची होडीही येते. दोर ओढत मागे मागे सरकणारी माणसं मात्र पुसली जातात. पाण्याच्या कडेला नुसता करडा डाग. काकांनी त्यावरच बोट ठेवलं, दोराने घट्टे पडलेलं.

सोबतचा मित्र म्हणाला, “लँडस्केप आहे, माणसं नसलेलीच बरी. स्पर्धेला हाच पाठव.”

फ्रेम सुंदर आहे, वादच नाही. पण कोकणातले आपले बहुतेक फोटो असेच नसतात का? रिकामा किनारा, सूर्यास्त, एकटी होडी. (ती काय आपणहून चालत वर आली?)

फिल्टर काढून १/२५० सेकंदाला घेतलेलाही एक आहे. त्यात काका आहेत, ताणलेला दोर आहे, आकाश जरा जळलंय, म्हणजे जास्त प्रकाशाने पांढरं पडलंय. तुम्ही कुठला पाठवाल?