हवा बाहेर जातच नव्हती

मागच्या मे महिन्यात सकाळी सातलाच फोन वाजला. आर्वीहून १८ किलोमीटरवर एका गावात फोटो स्टुडिओ चालवणारे भाऊ बोलत होते. "दादा, कॉम्प्युटर बंद पडून राह्यला. चार लग्नांच्या कॅसेटी अडकल्या माह्या." लग्नाच्या व्हिडिओला आमच्याकडे अजून कॅसेटच म्हणतात, हाती पेनड्राइव्ह दिला तरी.

ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून चहा न घेताच गाडी काढली. स्टुडिओ म्हणजे घराचीच समोरची खोली. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. मधल्या दाराला नुसता पडदा.

"पहा नं दादा," भाऊ म्हणाले, "आधी एकच फॅन होता तं तासभर चाले. शहरातून एका पोराकडून तीन जास्तीचे लावून आणले, तं दहा मिनिटांतच बंद होते. काहून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फॅन वाढले तर गरमी कमी व्हायला हवी. मी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडून एक रेंडर, म्हणजे जुळवलेल्या दृश्यांचा पक्का व्हिडिओ बनवायचं काम, लावायला सांगितलं आणि प्रोसेसरचं तापमान बघत बसलो. ६०, ७५, ९०... शंभरच्या जवळ गेल्यावर रेंडर गोगलगायीसारखं चालू लागलं, कारण प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं तर 'सीपीयू फॅन एरर', एफ-१ दाबा.

हा संदेश लोक एफ-१ दाबून पुढे ढकलतात. दुखणं तिथंच असतं. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, सीपीयू (प्रोसेसर) फॅनच्या फेऱ्यांची खबर मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

कॅबिनेटचं झाकण काढलं. चारही फॅन, प्रोसेसरवरचा धरून, एकाच वायरीच्या फाट्यांवर जोडलेले होते आणि ती वायर थेट सीपीयू फॅनच्या हेडरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडात. मी एकेका फॅनचं स्टिकर वाचलं. जास्तीचे तीन, प्रत्येकी ०.३५ अँपिअर, प्रोसेसरवरचा ०.३०. बेरीज १.३५. असं हेडर साधारण एक अँपिअरच सोसतं. वायरीचा सॉकेट मी ओढून काढला तेव्हा त्याचं पांढरं प्लास्टिक एका पिनेच्या भोकाजवळ तपकिरी होऊन वाकलेलं होतं, बोटाला अजून कोमट लागत होतं. प्रोसेसर तापला की त्याचा फॅन पूर्ण वेग मागायचा, त्याच वेळी ढिलं झालेलं जोड दगा द्यायचं, आणि जो फॅन सगळ्यात गरजेचा तोच थांबायचा. म्हणजे जास्तीच्या फॅननीच मूळ फॅनचा घास काढून घेतला होता. त्या पोराला दोष देऊन काय उपयोग, पण स्टिकरवरचा आकडा वाचायला पाच सेकंद लागतात, ते त्याला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. मला हवेचा रस्ता बघायचा होता. भाऊंनी देवघरातून उदबत्ती आणली. पुढच्या फॅनसमोर धरली, धूर आत गेला. दुसऱ्या पुढच्या फॅनसमोर, आत. मागच्या फॅनजवळ धरली तर तिथंही धूर आतच! तिन्हीकडून हवा आत कोंबली जात होती, गरम हवेला धड वाटच नाही. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. इथं तिन्ही फॅनची मोकळी, देखणी बाजू बाहेर केलेली होती.

आणि आत येणाऱ्या हवेबरोबर येत होता कापूस. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांत तंतूंची गादीच बसली होती, चिमट्यानं ओढली तर लांबच लांब निघाली. ब्रश-ब्लोअरनं झाडताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवली, कारण ब्लोअरनं फॅन गरागरा फिरवला तर त्याचे बेअरिंग खराब होतात.

जोडणी नव्यानं केली. प्रोसेसरचा फॅन एकटा त्याच्या हेडरवर, पिना साफ करून. मागचा फॅन तोंड उलटं करून बसवला, एका सिस्टिम फॅन हेडरवर. पुढचे दोन, मिळून ०.७०, फाट्याच्या वायरीनं दुसऱ्या हेडरवर. हे तिघेही तीन पिनांचे. चार पिनांचा फॅन चौथ्या पिनेवरच्या इशाऱ्यानं वेग बदलतो, तीन पिनांच्याला मात्र व्होल्टेजच कमी-जास्त करावं लागतं. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, त्या दोन हेडरना पीडब्ल्यूएमऐवजी (इशाऱ्यानं वेग) डीसी मोड (व्होल्टेजनं वेग) दिला. तसं केलं नाही तर ते दिवसभर पूर्ण वेगात घरघरत राहतात. तापमानाचा आधार म्हणून प्रोसेसर निवडला: पन्नासखाली मंद, पंच्याहत्तरला पूर्ण. मधल्या दाराला पडद्याऐवजी फळी लावायला सांगितलं, आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको म्हणून बजावलं. पात्यांवर पाण्यातल्या क्षाराचे पांढरे ठिपके दिसत होते.

दुपारी पुन्हा रेंडर लावलं. खोलीत ४२ अंश. खोलीपेक्षा थंड कॅबिनेट कोणताच फॅन करू शकत नाही, हे भाऊंना सांगून ठेवलं. प्रोसेसरचं तापमान ८१ वर जाऊन स्थिरावलं. अर्धा तास, एक तास. वहिनींनी ताक आणून दिलं, तेव्हा पहिली कॅसेट पूर्ण झाली होती.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी पुन्हा फोन. "दादा, फॅनचा आवाजच येत नाही नं. बंद पडले का?"

"मागच्या फॅनजवळ उदबत्ती धरा," मी म्हणालो.

थोडा वेळ फोनवर फक्त कौलांवरचा पाऊस ऐकू आला.

"बाहेर येते धूर," ते म्हणाले. "हळूहळू येते."