तुम्ही विचारलंत म्हणून : चांगली बिअर कोणती?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी चौदा वर्षं गुणवत्ता विभागात होते. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, काम प्रयोगशाळेतलं, आणि त्या कामाचाच एक भाग म्हणजे सकाळी अकराच्या सुमाराला तयार बिअर चाखणं. हे कळलं की माणसं एकच प्रश्न विचारतात. लग्नाच्या मांडवात कुणी हळूच विचारतं, शेजारचे काका गेटपाशी थांबून विचारतात, आमचे भावजी तर दर दुसऱ्या शनिवारी दुकानातूनच फोन लावतात : "वहिनी, यातली चांगली कोणती? आणि ही क्राफ्ट म्हणतात तिला दुप्पट पैसे द्यावेत का?" क्राफ्ट म्हणजे छोट्या कारखान्यात थोडी-थोडी करतात ती बिअर.

माझं उत्तर ठरलेलं आहे. दुकानात जी सगळ्यात ताजी असेल ती. आधी बाटलीवरची तारीख बघा, मग नाव.

पुष्कळांना वाटतं, मी उत्तर टाळते आहे. पण बाटलीतली बिअर पाश्चराइझ केलेली असते, साधारण साठ अंशाच्या पाण्याच्या फवाऱ्याखालून ती जाते, त्यामुळे ती दुधासारखी नासत नाही. ती शिळी होते. आत राहिलेला चिमूटभर ऑक्सिजन आपलं काम करत राहतो आणि हळूहळू ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. ज्या रसायनामुळे तो येतो त्याला नॉनेनाल म्हणतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रिया दुपटी-तिपटीनं वेग घेतात. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभा असलेला ट्रक, पत्र्याच्या गोदामातली खोकी, आणि मग दुकानदार ती बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवून "एकदम चिल्ड" म्हणून देतो. गारव्यानं वास दबतो, गेलेली चव परत येत नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीचं आणखी एक दुखणं असतं. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. त्यांच्यातल्या कडू घटकांवर ऊन पडलं की काही मिनिटांतच कुबट, रबर जळाल्यासारखा वास सुटतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, टिनमध्ये तर उजेडाचा प्रश्नच नाही. म्हणून हमरस्त्यावरच्या बिअर शॉपीच्या दर्शनी काचेत मांडलेली हिरवी बाटली मी कधी घेत नाही, कुठल्याही कंपनीची असो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याकडे तीन ग्लासांची परीक्षा असायची. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास कोणता तेवढंच ओळखायचं. ग्लास गडद रंगाचे, म्हणजे डोळ्यांनी चोरी करता येऊ नये. बिअर दहा-बारा अंशांवर, कारण बर्फासारख्या थंड बिअरमध्ये जीभ बधिर होते आणि दोष लपतात. त्या दिवशी अत्तर नाही, केसांना वासाचं तेल नाही, चाखण्याआधी चहा नाही. वाइन चाखणारे थुंकतात. आम्ही एक घोट गिळायचो, कारण कडवटपणा घशाशी जाऊन नीट कळतो. पहिले सहा महिने मी चुकत होते. मग एके दिवशी एका ग्लासातून लोण्याचा वास आला. तो डायअसेटिल होता. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम एवढा असला तरी शिकलेल्या नाकाला तो सापडतो. यीस्ट स्वतःच तो तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत खातं. लोण्याचा वास राहिला, म्हणजे कुणीतरी घाई केली. त्याच महिन्यात उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वासही सापडला, म्हणजे उकळी पुरेशी खळाळती नव्हती. ग्लास नाकाशी नेऊन पंधरा दिवसांपूर्वी टाकीपाशी काय घडलं ते सांगता येतं, याचा मला जो आनंद झाला होता तो आजही तसाच आहे.

त्यामुळे मोठ्या कंपनीच्या साध्या लागरला, म्हणजे दुकानातल्या नेहमीच्या फिक्या सोनेरी बिअरला, कुणी "गोड्या पाण्यासारखी" म्हणून नाक मुरडलं की मला वाईट वाटतं. लागर करणं अवघड आहे. तिचं यीस्ट दहा-बारा अंशांवर सावकाश काम करतं, पुढे ती गारव्यात मुरते, आणि तिच्यात दोष झाकायला काहीही नसतं. भरपूर हॉप्सच्या बिअरमध्ये जरासा मक्याचा वास खपून जातो, लागरमध्ये नाही. शिवाय वाळूजला भरलेली बाटली आणि दुसऱ्या राज्यात भरलेली बाटली एकसारखी लागली पाहिजे. पाणी मात्र सगळीकडे वेगळं. चेक देशातल्या पिल्झनचं पाणी अतिशय मृदू, म्हणून तिथे फिक्या सोनेरी बिअरची रीत पडली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणून तिथली पेल एल ही कडवट बिअर नावाजली. आपल्या बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, डाळ शिजत नाही हे घरोघरी माहीत आहे. कारखान्यात पाण्यातले क्षार आधी काढून टाकतात आणि मग हवे तेवढेच परत घालतात. त्या सारखेपणामागे किती माणसं राबतात हे मी पाहिलंय.

पाण्याचा विषय निघालाय तर 2016 चा उन्हाळा सांगते. एक लिटर बिअर करायला, धुणं-गार करणं सगळं धरून, चार-पाच लिटर पाणी लागतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आई टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून बसायची आणि इकडे मी रोज नमुने तपासून उरलेली बिअर मोरीत ओतायचे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि मे महिन्यात साठ टक्क्यांनी कमी करायला लावलं. माझ्या कारखान्याचं काम मंदावलं, तरी मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. तेव्हापासून कुणी अर्धी बाटली तशीच सोडून उठलं की मला बघवत नाही.

स्ट्राँगबद्दल थोडक्यात. आपल्याकडे खप तिचाच जास्त. पाच टक्क्यांपुढे आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली ती स्ट्राँग. साडेसहाशे मिलिलिटरची आठ टक्क्यांची बाटली म्हणजे बावन्न मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या साठच्या दोन पेगांएवढं. "मी फक्त बिअरच घेतो" म्हणणाऱ्या भावजींना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला होता. चव म्हणाल तर पुष्कळदा पुढे गोडवा आणि मागे घशात जाळ. मी घेत नाही.

आता क्राफ्ट. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (जिथे बिअर करतात तिथेच प्यायला देतात ती जागा), डूलाली, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे 2015 मध्ये बिरा 91 आली आणि गव्हाची बिअर साध्या दुकानांच्या फ्रीजपर्यंत पोचली. मी पुण्यात पहिल्यांदा जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर घेतली तेव्हा ग्लासातून पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. त्यात ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास त्या यीस्टचेच. आमच्या कारखान्यात लागरला असा केळ्याचा वास आला असता तर मी ती टाकी अडवून ठेवली असती, आणि इथे तोच वास तिचं वैभव होता. माझं चौदा वर्षांचं शिक्षण त्या संध्याकाळी थोडं हललं. लागरमध्ये दोष ठरणारी गोष्ट दुसरीकडे गुण ठरते, म्हणजे आधी त्या बिअरला काय व्हायचंय ते समजून घ्यायला हवं. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये तर खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. जालन्याच्या मोसंबीची साल घालून कुणी ती करावी अशी माझी फार इच्छा आहे.

मग दुप्पट पैसे द्यावेत का? मायक्रोब्रुअरीत बसून, टाकीतून थेट ग्लासात येणारी असेल तर खुशाल द्यावेत. बाटलीतली असेल तर तारीख दुप्पट काळजीनं बघावी. हॉप्सचा ताजा वास हाच जिचा प्राण आहे, तिचा तो प्राण आपल्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी जातो. चार महिने गोदामात पडलेल्या महागड्या आयपीएपेक्षा, म्हणजे भरपूर हॉप्सच्या पेल एलपेक्षा, तीन आठवड्यांची साधी किंगफिशर मी कधीही घेईन.

भावजींना हे पटत नव्हतं. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आमच्या गच्चीवर चार ग्लास मांडले. राखेनं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, उलटे वाळवलेले. कारण तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तरी फेस बसतो. प्रत्येकात शंभरेक मिलिलिटर. एकात महिन्याभराची लागर, दुसऱ्यात तीच लागर पाच महिन्यांची, तिसऱ्यात स्ट्राँग, चौथ्यात गव्हाची. ग्लासांखाली आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. सोबत फक्त साधे भाजलेले शेंगदाणे आणि पाणी. तिखट चकणा नंतर. भावजींनी स्ट्राँग लगेच ओळखली. पहिल्या दोन ग्लासांपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. परत वास घेतला, परत घोट घेतला. म्हणाले, "या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत. ही दुसरी मी पुन्हा घेणार नाही." मी दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. लेबल एकच. त्यांनी त्या हातात घेऊन तारखा वाचल्या आणि पहिला ग्लास स्वतःकडे ओढून घेतला.

मला स्वतःला कोणती आवडते, हे फारसं कुणी विचारत नाही. मला आंबट बिअर आवडते. जर्मनीत गोझे नावाची एक बिअर आहे, गव्हाची, तिच्यात मीठ आणि धने असतात आणि दुधाचं दही करणाऱ्या जातीचे जिवाणू तिला आंबट करतात. पुण्यातल्या एका टेबलावर तिचा पहिला घोट घेतला आणि मी थेट माहेरच्या शेतात पोचले. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवायचं, शिजवायचं, वर जिरं, लसूण, मीठ. आई आदल्या रात्री बिंदग्याचं, म्हणजे आंबिलीच्या भांड्याचं, झाकण काढून नुसत्या वासावरून सांगायची, "अजून चार तास लागतील." तिला लॅक्टिक आम्ल हा शब्द माहीत नाही. पण मला नाक तिच्याकडूनच मिळालंय, वाळूजला त्याला फक्त नावं मिळाली.

ज्वारीची बिअर करता येते, आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या करतात. नायजेरियानं 1988 मध्ये बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी घेतली. काम सोपं नाही. ज्वारीचं स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतं, त्याची साखर करणारी विकरं मोड आलेल्या दाण्यात कमी पडतात, आणि बार्लीसारखं टरफल नसल्यानं गाळताना सगळा लगदा बसून राहतो. पण बार्ली राजस्थान-हरियाणातून येते, हॉप्स तर परदेशातून, आणि मालदांडी ज्वारी आमच्या बांधावर उभी असते. यंदाच्या येळवशीला मी पुण्यातल्या दोन ब्रुअर मुलांना शेतात बोलावलंय. आई म्हणाली, त्यांना आंबिलीचं बिंदगं आधी दाखव, मग बोला.