बंडीनाच्या वाटेवर स्वीट वॉटल

सिडनीच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क आहे, १८७९ पासून राखलेलं रान. क्रोनुलापर्यंत ट्रेन, तिथून फेरीबोटीने बंडीना, आणि गावाच्या कडेपासून कोस्ट ट्रॅक, म्हणजे किनाऱ्याने जाणारी पायवाट. आम्ही मुद्दाम जुलैत गेलो, कारण स्वीट वॉटल (अकेशिया सुआवेओलेन्स) फुलावर असताना बघायचं होतं.

वॉटल म्हणजे बाभळीचं ऑस्ट्रेलियातलं गोत. पण आपल्या बाभळीची बारीक पानं शोधत फिरलात, तर बरीच झुडपं नजरेतून सुटतील. इथल्या बहुतेक जातींत मोठ्या झाडाला खरी पानं नसतातच. देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. कोकणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तसंच, म्हणजे सराव गावाकडेही होतो. वणव्यानंतर उगवलेलं रोप दिसलं तर जरूर खाली वाकून बघा. खाली बाभळीसारखी पानं, वर चपटे देठ, एकाच रोपावर! मला तर फुलांपेक्षा हेच जास्त आवडलं.

फुलांच्या रंगावर भिस्त ठेवू नका. स्वीट वॉटलची फांदी हाताला कंगोरेदार लागते. ‘पानं’ निळसर हिरवी, अरुंद, ५ ते १५ सेंमी लांब, मधोमध एकच ठळक शीर. फुलांचे गोळे फिकट, जवळजवळ दुधी, सुवासिक. सगळ्यात पक्की खूण कळ्यांची: कोवळे घोस तपकिरी खवल्यांत झाकलेले असतात. शेंगा चपट्या, रुंद, निळसर झाक असलेल्या.

तिथेच अकेशिया लाँगिफोलियाही असतं. त्याची फुलं गोळ्यांत नव्हे, लांबट कणसांत येतात आणि पानावर एकाहून जास्त ठळक शिरा असतात. टोचलं तर ते बहुधा प्रिकली मोझेस, टोकदार ‘पानां’चं आणखी एक वॉटल. सनशाइन वॉटलला मात्र मोठेपणीही खरी, विभागलेली पानं असतात.

दहापट भिंग न्या. नुसत्या फुलाच्या फोटोवरून जात ठरत नाही. फांदी, कळी, शेंग आणि ‘पाना’च्या वरच्या कडेवरची बुडाजवळची ग्रंथी, यांचेही फोटो घ्या. डहाळी तोडू नका, उद्यानात मनाई आहे. मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव चिखलातून पसरतो, म्हणून बूट आधी आणि नंतरही घासून स्वच्छ करा. कड्यांवर वारा बोचरा असतो, आणि जुलैत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवा.